रोलर कधी फिरवायचा

(दृश्य : पहाट. शाळेचं मैदान. गोणपाटाखाली झाकलेली खेळपट्टी.)

सकाळचे साडेपाच. इंदूरच्या कडेला असलेल्या एका शाळेचं हे मैदान. मी गोणपाटाचं टोक उचलतो, तळवा मातीवर टेकवतो आणि थोडा वेळ तसाच बसून राहतो. माती गार लागली, की समजायचं, आत पाणी आहे. आज रोलर फिरवायचा की उद्या, हे त्या गारव्यावर ठरतं.

बारा वर्षं मी या शहरात क्रीडा पत्रकार होतो. ‘खेळपट्टी फलंदाजांना साथ देणारी’, ‘खेळपट्टीनं दगा दिला’ अशी वाक्यं किती लिहिली, मोजदाद नाही. मातीला हात मात्र एकदाही लावला नव्हता.

(दृश्य : जुन्या कात्रणांची फाइल. पिवळी पडलेली पानं.)

घरी मराठी, ऑफिसात हिंदी. इंदूरच्या मराठी घरांत असंच असतं. आमच्याकडे क्रिकेट बाबांकडून आलं. होळकरांच्या संघानं १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावं बाबा घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी घ्यायचे. १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२, एका डावात सहा शतकं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्यामुळे एका हिंदी दैनिकात क्रीडा पानावर नोकरी लागली, तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

८ डिसेंबर २०११. होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागनं वेस्ट इंडीजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ धावा केल्या. मी प्रेस बॉक्समध्ये होतो. भारत ५ बाद ४१८. ती बातमी लिहिताना बोटं थरथरत होती, हे आजही आठवतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये इथली पहिली कसोटी झाली. कोहली २११, रहाणे १८८, आणि अश्विनचे सामन्यात तेरा बळी. त्या चारही दिवशी मी आनंदात होतो.

पण खरं सांगू? माझा जीव रमायचा तो शालेय स्पर्धांच्या दोन ओळींच्या निकालांत. रात्री नऊला कुणाची तरी आई फोन करायची. ‘दादा, नाव नीट छापाल ना? मागच्या वेळी आडनाव चुकलं होतं.’ दुसऱ्या दिवशी ते नाव बरोबर छापून आलेलं बघितलं, की दिवस चांगला जायचा.

(थोडी शांतता.)

मार्च २०२०. सगळीकडचे सामने थांबले. २४ तारखेला टोकियो ऑलिंपिकही पुढं ढकललं. क्रीडा पानाचं अर्धं पान झालं, मग पाव, मग तेही गेलं. पानाबरोबर आम्ही गेलो. फोनवर निरोप आला, तीन मिनिटांत संपला. वृत्तपत्राचं नाव मी घेणार नाही. तिथं मी लिहायला शिकलो, हेही तितकंच खरं आहे.

पुढचे दहा महिने वाईट गेले. त्याबद्दल इथं जास्त बोलावंसं वाटत नाही. बायकोच्या शिकवण्यांवर घर चाललं.

या शाळेला मैदानाचं वेळापत्रक, नोंदी आणि पत्रव्यवहार सांभाळायला माणूस हवा होता. ओळखीतून मला बोलावणं आलं. कागदावर माझं पद व्यवस्थापकाचं. तिसऱ्याच दिवशी इथल्या ग्राउंड्समन काकांनी माझ्या हातात पाण्याचा पाइप दिला. ‘भिया, रजिस्टर बाद में. पहले पानी देखो.’

(दृश्य : काकांचे हात. खिशातून काढलेली किल्ली.)

काकांचं शिक्षण किती, मी कधी विचारलं नाही. त्यांच्याकडे जुन्या कुलपाची एक लांब किल्ली आहे. पाणी दिल्यानंतर रोज ती ते मातीत रुतवतात. सहज आत गेली, तर थांबायचं. जोर लावावा लागला, तर हलका रोलर. नुसती टेकून राहिली, तर उशीर झाला.

आमची माती माळव्याची काळी. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ म्हणतात, तीच. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. रोलर लवकर फिरवला, तर माती त्याला चिकटून वर येते. उशिरा फिरवला, तर वरचा थर टणक होतो आणि आत पोकळी राहते. मधले काही तास असतात, तेवढेच आपले. गवताची मुळं आतलं पाणी हळूहळू वर ओढतात आणि मातीला धरूनही ठेवतात, म्हणून हरळी मुळापासून काढायची नाही, कापून बारीक ठेवायची. ऊन कडक झालं, की वर गोणपाट टाकायचं, नाहीतर वरचा पापुद्रा आधी वाळतो. वीस मीटरच्या या पट्ट्याला एका सामन्यासाठी आठ-दहा दिवस द्यावे लागतात.

हे शिकल्यावर मी एका रविवारी कात्रणांची फाइल काढली. सेहवागच्या २१९ च्या बातमीत मी आकाशाचा रंगसुद्धा लिहिला होता. ज्यांनी ती खेळपट्टी तयार केली, त्यांच्यातल्या एकाचंही नाव नव्हतं. सगळी फाइल चाळली. बारा वर्षांत एकदाही नाही. ज्या माणसानं आडनावाच्या वेलांटीसाठी रात्री फोन घेतले, त्यानं ही नावं कुणाला विचारलीच नाहीत. हे मला फार लागलं.

(दृश्य : मोबाइलवर धावफलक. मागे मैदानावर पाणी पडतंय.)

मग आला २६ जून २०२२ चा रविवार. बंगळुरूत मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. याच चिन्नास्वामी मैदानावर १९९९ साली मध्य प्रदेश अंतिम सामना हरला होता. तेव्हाचे कर्णधार चंद्रकांत पंडित आता प्रशिक्षक होते. आमच्या इंदूरच्या रजत पाटीदारचं पहिल्या डावात शतक. या एका बातमीची मी नोकरीत असताना वर्षानुवर्षं वाट बघितली होती. ती आली, तेव्हा माझ्या हातात पाइप होता.

मी रडलो. काका काही बोलले नाहीत, त्यांनी नळ बंद केला.

रात्री वहीत ती बातमी लिहून काढली. मराठीत. छापण्यासाठी नाही. बाबांना आता दिसतं कमी, त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘सरवट्यांचं नाव घालायला हवं होतंस.’ मी घातलं.

पुढच्या मार्चमध्ये होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी झाली. ती मुळात धरमशालाला व्हायची होती, तिथलं मैदान तयार नसल्यामुळे इकडे आली. पहिल्या दिवशी उपाहाराला भारत ७ बाद ८४. दिवसभरात चौदा बळी. तिसऱ्या दिवशी सकाळीच सामना संपला. आयसीसीनं खेळपट्टीला ‘खराब’ ठरवून तीन डिमेरिट गुण दिले. बीसीसीआयनं दाद मागितल्यावर शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’ झाला आणि गुण एक राहिला.

एका जुन्या सहकाऱ्यानं फोन केला. ‘तू आता माणूस त्यातला. एक ओळ दे ना.’ पूर्वी मी लगेच दिली असती. त्या दिवशी मी त्याला विचारलं, पाणी शेवटचं कधी दिलं होतं, गवत किती ठेवलं होतं, तयारीला किती दिवस मिळाले? त्याच्याकडे उत्तरं नव्हती. त्याला घाई होती, पान सोडायचं होतं. ती घाई मी ओळखतो. त्याच्यावर माझा राग नाही.

(दृश्य : पुन्हा पहाट. मुलं सायकलवरून येताना.)

रविवारी चौदा वर्षांखालील मुलांचा सामना आहे. स्कोअरबुकच्या पहिल्या पानावर आम्ही आता एक ओळ वाढवली आहे : ‘खेळपट्टी तयार करणारे’. तिथं पाच नावं येतात. काका ते पान उघडून बघतात, बोट फिरवतात आणि वही मिटतात.

आज माती अजून गार आहे. काकांनी किल्ली टेकवली, ती आत गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि गोणपाट पुन्हा ओढून घेतलं.