बंद इंजिनवर पडणारा गिअर

[इंजिन चालू. क्लचवर दाबलेला पाय.]

ऐका. रिव्हर्स टाकतोय... करर्र! आता इंजिन बंद केलं. हात तोच, दांडा तोच, आणि रिव्हर्स मुकाट्याने पडला.

पन्नास-साठ वर्षांच्या गाडीतून असा आवाज आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." जरा दमानं. उतरवलेला गिअरबॉक्स परत चढवताना घाम काढतो, आणि बऱ्याचदा दोष त्याचा नसतोच.

रिव्हर्स मुद्दाम निवडला. जुन्या गाड्यांत त्याला सहसा सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी यंत्रणा, नसतो, त्यामुळे तो काही लपवत नाही. क्लच तळापर्यंत दाबायचा आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. क्लच नीट सुटत असेल, तर तेवढ्यात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनची गती आत आणणारा दांडा, थांबतो. तरीही करकर झाली, म्हणजे शाफ्ट अजून फिरतोय. पॅडल तळाला गेलं, पण क्लच प्लेटने फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, सोडलेलं नाही.

[गाडीखाली. टॉर्चचा उजेड.]

गाडी पक्क्या स्टँडवर, इंजिन बंद, आणि पॅडल दाबायला एक माणूस वर. पॅडलजवळचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, आणि त्या दाबाने इथला स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. हा स्लेव्हचा पुशरॉड. दाबा... पॅडल पार खाली गेलं, आणि रॉड सरकला जेमतेम नखभर. रबरी बूट बाजूला करू. आत काळपट ओल. सील गळतंय, आणि अशा लाइनमध्ये हवाही शिरलेली असते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर त्यातच जिरतो. सील बदलायचं, हवा काढायची. केबलवर चालणारा क्लच असेल, तर तुटलेल्या तारा आणि फ्री प्ले, म्हणजे पॅडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, बघायची.

एवढं करूनही रॉड कमीच सरकतो? मग पॅडलच्या वरच्या टोकाला जा. मास्टर सिलिंडरचा रॉड जिथे पॅडलला जोडलेला असतो, तिथली ही पिन. मधोमध कंबर बारीक झालीय. आणि जिच्यात ती बसते, ते गोल भोक लांबट अंड्यासारखं. पॅडल आधी ही ढिलाई भरून काढतं, मग क्लचचं काम सुरू होतं. इतकी साधी गोष्ट, आणि माणसं थेट क्लच प्लेट मागवतात!

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही सापडते. इनपुट शाफ्टचं टोक ज्यात फिरतं, तो क्रँकशाफ्टच्या टोकातला पायलट बुश धरला, तरी शाफ्ट फिरत राहतो. पण त्या बुशसाठी गिअरबॉक्स काढावाच लागतो, म्हणून त्याचा नंबर शेवटी.

[गिअरच्या दांड्याचा क्लोज-अप.]

रिव्हर्स शांत पडतो, पण तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना करकर होते? मग संशय सिंक्रोवर. पितळी रिंग गिअरच्या शंकूवर घासते आणि दोघांचा वेग जुळवते. ती झिजली की जुळणी होत नाही. 1928 मध्ये कॅडिलॅकने सिंक्रो आणला, पण त्यानंतरही कित्येक गाड्यांचा पहिला गिअर त्याच्याविनाच राहिला. अशा गाडीत चालत्या वेगात पहिला टाकताना आवाज झाला, तर तो बिघाड नव्हे. डबल क्लच करा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर.

चालताना गिअर आपोआप सुटत असेल, तर आधी इंजिन माउंटिंग आणि लिंकेजचे, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचे, बुश हलवून बघा. गिअर जागेवर धरणाऱ्या आतल्या स्प्रिंग आणि गोळीचा विचार नंतर.

ऑइलचंही सांगायला हवं. जीएल-4, जीएल-5 हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-4 सांगितलेल्या बॉक्समध्ये "जास्त चांगलं" म्हणून जीएल-5 ओतू नका. त्यातली काही गंधकयुक्त रसायनं पितळाला खातात, शिवाय सिंक्रोला लागणारं घर्षणही कमी पडतं. 1959 च्या मिनीत तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. तेव्हा मॅन्युअल उघडा.

[नवी पिन बसते. इंजिन चालू.]

क्लच. एक, दोन, तीन, चार, पाच. रिव्हर्स.

[फक्त इंजिनचा आवाज. गाडी मागे सरकते.]