विकुन्याची लूत

हे जे खाजवतंय ना, ते विकुन्या. उंटाच्याच घराण्यातलं, पण रानटी आणि जेमतेम शेळीपेक्षा थोडं मोठं. मागचा पाय आधी पोटाखाली, मग काखेत, मग पुन्हा पोटाखाली... चरायचं राहिलंच बाजूला.

जागा आहे अर्जेंटिनातल्या सान हुआन प्रांतातलं सान गिलेर्मो नॅशनल पार्क. अँडीज पर्वतातला उघडा माळ, ३००० मीटरच्या वर, झाड औषधालाही नाही.

आता पायाचा क्लोजअप बघा. हा चिखल नाहीये, कातडी आहे. जाड झालेली, राखाडी खपली, मध्येच भेग आणि भेगेतून रक्त. चालताना पाय नीट वाकत नाही, आणि या माळावर प्यूमा, म्हणजे मोठं रानमांजर, शिकारीला फिरतो, म्हणजे न पळता येणं काय ते समजून घ्या.

हे सगळं करणारा प्राणी मायक्रोस्कोपखाली असा दिसतो. सार्कोप्टिस. अर्ध्या मिलीमीटरपेक्षा लहान, गोल पाठ, आखूड आठ पाय. आपल्याकडे गल्लीतल्या कुत्र्याला लूत लागते, माणसाला खरूज होते, ती याच्याच भाऊबंदांमुळे. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते, जाता जाता मागे रोज दोन-तीन अंडी, तीन-चार दिवसांत ती फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत ती पिल्लं स्वतः खणायला तयार. खाज सुटते ती या किड्याची, त्याच्या विष्ठेची ॲलर्जी होऊन. जनावर खाजवतं, कातडी फाटते, जखम चिघळते.

आणि हा धुळीचा खड्डा. विकुन्यांना लोळायला आवडतं, कळपच्या कळप त्याच खड्ड्यात येऊन लोळतो. किडा अंगावरून पडला तरी थोडे दिवस जिवंत राहू शकतो, तोवर पुढचं गिऱ्हाईक हजर.

पण मुळात हा इथं आला कसा? तर हे बघा लामा. बौद्ध भिक्खू नाही हो, उंटाच्याच घराण्यातलं पाळीव जनावर, कानाला टॅग, गळ्यात दोरी. २००९ मध्ये एका सरकारी पशुपालन योजनेतून पार्काच्या शेजारच्या भागात लामा आणले गेले. योजना चांगल्या मनाने केलेली असेल, लोकांना लोकर मिळावी, चार पैसे मिळावेत. पण जनावर बाहेरून आणायचं आणि शेजारी त्याच घराण्यातली हजारो रानटी जनावरं, जिथं मध्ये धड कुंपणही नाही, मग आधी कातडी खरवडून तपासायला नको? एक ब्लेड, एक काचपट्टी, एक मायक्रोस्कोप. संशोधकांचा सगळ्यात जास्त संशय याच लामांवर आहे. पार्कात लूत दिसायला लागली २०१४ च्या सुमारास, आणि विकुन्यांसोबत त्यांचा मोठा भाऊ ग्वानाको, त्यालाही लागली.

पुढच्या काही वर्षांत दोघांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली, प्यूमाने मारलेल्या जनावरांवर जगणारी कॉंडोर गिधाडं इथं यायची जवळपास थांबली, गवत मात्र वाढलं.

औषध नाही असं नाही. आयव्हरमेक्टिन, आपले गुरांचे डॉक्टर वापरतात तेच. गोठ्यातल्या लामाला लागेल तितक्यांदा टोचता येतं, पण रानातल्या विकुन्याला पकडणार कोण?

पेरू देशात पकडतात. हा आहे चाक्कू, जुन्या इंका साम्राज्याच्या काळापासूनची पद्धत. शेकडो गावकरी रंगीत फडकी बांधलेली लांबच लांब दोरी धरून डोंगरभर पसरतात आणि हळूहळू कळप कोंडवाड्यात आणतात. लोकर कातरतात (जगातल्या सगळ्यात तलम लोकरींपैकी एक, तंतूची जाडी १२-१३ मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचे हजारावे भाग), आणि त्याच वेळी ज्याच्या अंगावर लूत दिसेल त्याला इंजेक्शन देऊन परत रानात सोडतात. बघा, सुटल्या सुटल्या कसं पळतंय.

सान गिलेर्मोच्या माळावर ती दोरी धरायला गावच नाही.