वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत

मंडळी, आपल्याकडच्या विज्ञान व्याख्यानाचं वेळापत्रक साधारण असं असतं. पत्रिकेवर साडेपाच. पावणेसहाला दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे ‘दोन शब्द’. वक्ता उभा राहतो तेव्हा सव्वासहा वाजून गेलेले असतात. तो तासभर बोलतो, कारण त्याला तासभर बोला असंच सांगितलेलं असतं. साडेसातला हॉल रिकामा करायचा असतो. मग सूत्रसंचालक माइक घेऊन म्हणतात, ‘वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत, ज्यांना शंका असतील त्यांनी वक्त्यांना नंतर भेटावं.’ आभारप्रदर्शन मात्र होतंच. त्याला वेळ पुरतो.

आज इथे वाचनालयांची, शाळांची, विज्ञान मंडळांची माणसं बसली आहेत, म्हणून थेट कामाचं बोलतो. भाषण घरबसल्या मोबाइलवर मिळतं, तेही हवं तिथे थांबवून, मागे नेऊन. तरीही संध्याकाळी रिक्षा करून जो माणूस येतो, तो विचारायला येतो. किंवा दुसऱ्यानं विचारलेलं ऐकायला. तेव्हा कार्यक्रमाची आखणी प्रश्नांपासून उलटी करत आणायची. दीड तास हाताशी असेल तर 40 मिनिटं चर्चेला आधी बाजूला काढा. त्याआधी 15 मिनिटं चहा. त्याआधी 30 मिनिटं व्याख्यान. उरलेल्या पाच मिनिटांत स्वागत, परिचय, सगळं. सत्कार करायचाच असेल तर तो शेवटी करा, तोवर गाडी पकडणारे निघून गेलेले असतात आणि कुणाचं काही अडत नाही.

तीस मिनिटं ऐकून बरेच वक्ते दचकतात. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानं 1813 मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रांत व्याख्यान कसं असावं याची बारकाईनं चर्चा केली आहे. एक तास कुणालाही पुरे, असं त्याचं मत. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि पुढं आयुष्यभर सामान्य लोकांसमोर बोलला. आपण त्याच्या निम्म्यावर आलो, कारण उरलेला वेळ श्रोत्यांचा आहे.

ही रचना आपल्या व्याख्यानमालांतून आलेली नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची. ऐकण्याची सवय आपल्याला जुनी आहे. चर्चेची बैठक वेगळ्या घराण्यातली. पॅरिसला 1992 मध्ये मार्क सोते या तत्त्वज्ञानाच्या माणसानं एका कॅफेत खुल्या गप्पा सुरू केल्या. ती कल्पना उचलून डंकन डॅलस यांनी 1998 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला विज्ञानाचा कॅफे सुरू केला: थोडकं बोलणं, मध्ये पेयपानाची सुट्टी, मग सगळा वेळ चर्चा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं ‘चाय अँड व्हाय?’ 2009 पासून चालू आहे. जुहूच्या पृथ्वी थिएटरात रविवारी सकाळी. नावातच चहा आणि प्रश्न दोन्ही आले आहेत.

चहा मध्येच का, हा प्रश्न नेहमी येतो. व्याख्यान संपताक्षणी ‘काही प्रश्न?’ असं विचारलं की हॉल गप्प होतो. लोकांना प्रश्न नसतात असं नाही. आपला प्रश्न बावळट तर नाही ना, हे आधी शेजाऱ्याला विचारून बघायचं असतं. ‘अहो, ते काय म्हणाले मघाशी?’ ‘मलाही नाही कळलं.’ एवढं झालं की दोघांपैकी एकाचा हात वर जातो. चहा शेवटी ठेवला तर हीच बोलणी होतात, पण वक्ता निघून गेल्यावर.

यात बिघडतं ते चहाच्या जागेमुळे. चहा व्हरांड्यात ठेवला की माणसं तिथूनच चपला घालतात. तो हॉलमध्येच, मागच्या भिंतीशी ठेवा आणि दोन टेबलांवर ठेवा. साठ माणसं एका थर्मासपुढे रांगेत उभी राहिली की पंधराची पंचवीस मिनिटं होतात आणि ती चर्चेतूनच जातात. कटिंग शंभर मिलिलिटर धरलं तर साठ जणांना सहा लिटर चहा. बिनसाखरेचा वेगळा ठेवा, नाहीतर ज्येष्ठ मंडळी आयोजकांना शोधत फिरतात.

खुर्च्या. साठ जण अपेक्षित असतील तर चाळीसच मांडा, बाकी भिंतीशी रचून ठेवा. लोक मागून भरत येतात. शंभर खुर्च्या असल्या की पहिल्या चार रांगा मोकळ्या आणि वक्ता पोकळीशी बोलतोय. सरळ रांगांऐवजी अर्धगोल करा. समोरचा चेहरा दिसला की माणूस त्याला उत्तर देतो. नुसती डोकी दिसली तर ऐकून घेतो आणि गप्प राहतो.

प्रोजेक्टरबद्दल एकच सांगतो, कारण दर महिन्याला कुठे ना कुठे हेच होतं. वक्त्यानं मराठी स्लाइड्स जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या असतात. त्याच्या संगणकावर सुरेख दिसतात, तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरं नि चिन्हं नाचतात. आदल्या दिवशी पीडीएफ मागवा, फॉन्ट आतच बसवलेली. आणि अर्धा तास आधी ती त्याच प्रोजेक्टरवर उघडून बघा.

खरं तर पडद्यापेक्षा टेबल बरं. ज्या प्रयोगाचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, तो प्रयोग चर्चेला सगळ्यात चांगला. परात, पाणी, मेणबत्ती आणि उपडी बरणी. शाळेत सगळ्यांनी केलेला. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं. का? ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, म्हणून पाणी पाचव्या हिश्श्यापर्यंत चढतं.’ पुस्तकांतही हेच छापलेलं सापडतं. चूक आहे.

मांडणी अशी. एक लिटरची, उभट काचेची बरणी. पस्तीस सेंटिमीटरची परात. मेणबत्त्या पाच-सहा सेंटिमीटरच्या कापून, ज्योत आणि बरणीचा तळ यांत चारेक बोटं अंतर राहील अशा. ज्योत तळाला लागली तर काच तडकते. मेणबत्त्या परात कोरडी असतानाच वितळलेल्या मेणावर चिकटवा. ओल्या परातीत मेण धरत नाही आणि ऐन वेळी मेणबत्ती आडवी होते. मग दोन सेंटिमीटर पाणी, म्हणजे दोन लिटरच्या आसपास, आणि त्यात निळ्या शाईचे थोडे थेंब. बरणीच्या कडेखाली तीन ठिकाणी एकेक नाणं ठेवा, नाहीतर कड परातीला बसते आणि पाण्याला आत यायला वाट राहत नाही. शेजारी ओलं फडकं. पंखे बंद. मागच्यांना दिसावं म्हणून मोबाइल स्टँडवर लावून त्याचं चित्र पडद्यावर घ्या.

आता हात वर करायला सांगा: एक मेणबत्ती ठेवली तर पाणी इतकं चढलं, तीन ठेवल्या तर किती चढेल? जास्त, कमी की तितकंच? मोजून फळ्यावर आकडे लिहा. मतदान प्रयोगाच्या आधीच. नंतर विचारलंत तर सगळेच बरोबर असतात.

तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्टपणे जास्त चढतं. बरणी तीच, हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. ‘ऑक्सिजन संपला’वाल्यांची इथे पंचाईत होते. मग बघायला सांगा, पाणी चढतं कधी? मेणबत्ती जळत असताना ते हळूहळू वर यायला हवं होतं. तसं होत नाही. बरणी पाण्यात टेकताच कडेखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात, आणि पाण्याची खरी उडी ज्योत मंदावून विझते त्या सुमाराला, काही सेकंदांत. गरम होऊन प्रसरण पावलेली हवा आधीच बाहेर गेली. उरलेली थंड होऊन आकसली. बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं. तीन ज्योतींनी हवा जास्त तापवली, म्हणून जास्त बाहेर गेली. बरणी सावकाश खाली आणलीत तर पाणी जास्त चढतं, झपकन ठेवलीत तर कमी. हे श्रोत्यांपैकी कुणाला तरी करायला द्या.

इथे कुणी तरी विचारणारच, ऑक्सिजन वापरला तर जातोच ना? जातो. मेणाचा 25 कार्बन आणि 52 हायड्रोजनचा एक रेणू घेतला तर तो जळायला ऑक्सिजनचे 38 रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे 25 तयार होतात. पाण्याची वाफ थंड होऊन द्रव होते. म्हणजे 38 च्या जागी 25 आले, साधारण एक तृतीयांश घट, आणि तीही हवेच्या पाचव्या हिश्श्यातली. सगळा ऑक्सिजन संपला असता, तरी आकारमान सात टक्क्यांच्या आसपासच घटलं असतं, वीस नव्हे. आणि तो सगळा संपतच नाही. ज्योत विझते तेव्हा बरणीत बराच शिल्लक असतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हेही खरं, पण इतक्या थोड्या सेकंदांत फारसा नाही. या एका परातीवर चाळीस मिनिटांची चर्चा निघते आणि त्यासाठी बाहेरगावचा वक्ता लागत नाही.

वक्ता नसला तरी चालतं, याचं दुसरं उदाहरण शून्य सावलीचं. कोल्हापूरला 6 मेच्या सुमारास, पुण्याला 13-14 मे, मुंबईला 15-16 मे, नागपूरला 26 मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. सूर्य असा वर्षातून दोनदा येतो, पण दुसरी खेप जुलै-ऑगस्टात, ढगांत जाते. यात घोटाळा ठरलेला: लोक घड्याळात बारा वाजता अंगणात जमतात आणि सावली दिसते. आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे 82.5 अंश पूर्व रेखांशाचं. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून तिथली खरी माध्यान्ह 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास. बाराला तीस सेंटिमीटर उंचीच्या सरळ डब्याची सावली चार सेंटिमीटरपेक्षा जास्त पडते. नागपूरला हीच वेळ 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास. डबा सपाट फरशीवर ठेवा, पाणसळ लावून बघा, आणि पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपा. मुंबईचं मंडळ आणि नागपूरचं मंडळ यांनी एकमेकांना फोन केला, तर रेखांश म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आता प्रश्न विचारणाऱ्यांकडे येऊ. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून किंवा विशीच्या आतल्या कुणाकडून घ्या. पहिला प्रश्न निवृत्त प्राध्यापकांनी विचारला की पुढचे सगळे त्याच पट्टीत लागतात. माइक स्वयंसेवकानं धरायचा, हातात द्यायचा नाही. हातात गेला की प्रश्नाचं भाषण होतं आणि परत मागणं अवघड जातं. तरी कुणी लांबलंच, तर सूत्रधारानं मध्येच शिरून म्हणावं, ‘म्हणजे तुमचा प्रश्न असा आहे का, की…’ आणि एका वाक्यात प्रश्न करून द्यावा. त्यांचा मानही राहतो. आरोग्यावरच्या कार्यक्रमात ‘माझी शुगर एकशे साठ आहे, काय घेऊ?’ हे येणारच. व्यक्तिगत सल्ला दिला जाणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा. ‘आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं’ हाही नेहमीचा. हसू नका, चिडू नका. ‘हे कोणत्या ग्रंथात, कोणत्या श्लोकात आहे, पुढच्या वेळी घेऊन या, आपण मिळून वाचू’ असं सांगा. आणले तर खरंच वाचा.

बोलायला संकोचणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या. कागदाचे आठ तुकडे करून खुर्चीवर ठेवायचे, पेन्सिलीसकट. मोठ्या जमावात बायका आणि शाळकरी मुलं चिठ्ठीवर जास्त मोकळी होतात. चहाच्या वेळात सूत्रधारानं त्या वाचून, सारखे प्रश्न एकत्र करून ठेवावेत.

वक्त्याशी आठवडाभर आधी फोनवर वीस मिनिटं बोला, आणि शब्दांबद्दल नक्की बोला. जिवाणू आणि विषाणू यांत श्रोते गोंधळतात आणि घाईत वक्तेही. संख्यांचा घोळ त्याहून मोठा. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. ‘विश्वाचं वय 13.8 बिलियन वर्षं’ याचं घाईत ‘तेरा कोटी’ होतं. ते 1380 कोटी आहे. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. हे चार आकडे कागदावर लिहून वक्त्यापुढे टेबलावर ठेवा, बस.

राहिली वही. ज्या प्रश्नाला वक्ता ‘मला माहीत नाही’ म्हणेल तो तिथल्या तिथे एका वहीत उतरवायचा, तारखेसह. विचारणाऱ्यालाच लिहायला लावा. वक्त्यानं नंतर पाठवलेलं उत्तर, किंवा मंडळानं शोधलेलं, पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं घेतं. म्हणूनच बैठकीचा वार पक्का हवा, महिन्याचा दुसरा शनिवार म्हणजे दुसराच; हॉल मिळाला नाही तर जिन्यात बसा. तारीख सरकली की वहीतल्या प्रश्नाचा मालक उत्तर ऐकायला येत नाही.

माझी तीस मिनिटं झाली. मागे दोन टेबलांवर चहा आहे, डावीकडचा बिनसाखरेचा. परात इथेच आहे आणि एका बरणीत एक, एकीत तीन मेणबत्त्या लावायच्या बाकी आहेत. येताना चिठ्ठ्या घेऊन या.