सहाशे फॉर्म आणि तीन बेळगाव

(दृश्य : वडगावातली अरुंद गल्ली. उघड्या दारातून दिसणारा यंत्रमाग. आवाज आधी, चित्र नंतर.)

बेळगावात वाढलेल्या माणसाला हा आवाज वेगळा ऐकू येत नाही. वडगाव, खासबाग, शहापूर… माग बंद पडला तरच इथे कुणीतरी मान वर करून बघतं. विणकर बायकांच्या पाहणीसाठी मुलाखत घ्यायला बसले तेव्हा मात्र हा आवाज माझ्या अंगावर आला. माग थांबवावा तर बाईंची मजुरी बुडते. चालू ठेवावा तर प्रश्न ओरडून विचारावा लागतो. "मुलगी दहावीनंतर शिकणार की नाही, हे तुमच्या घरात कोण ठरवतं?" हा प्रश्न ओरडून विचारून बघा. सासू उत्तर देते, समोरच्या दारातली शेजारीण देते, आणि जिला विचारलं ती मान डोलावते.

मी ते उत्तर तिच्या नावावर लिहून घेतलं. सहा महिने असंच चाललं.

(दृश्य : फॉर्मचा गठ्ठा, रबर लावलेला. कोपऱ्यावर चहाचा डाग.)

फॉर्मवरचा चौथा रकाना मातृभाषेचा. २०११च्या जनगणनेची व्याख्या सरळ आहे : लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची, ती. कागदावर सरळ. एका आजींची आई अथणीकडची, कन्नड बोलणारी. वडलांच्या घरी मराठी. शाळा चौथीपर्यंत, मराठीच. आता नातू कन्नड शाळेत, आणि आजी मागाशी बोलतात ती भाषा कुठली, हे त्यांनाही सांगता येईना. जनगणनेने निदान येत असलेल्या आणखी दोन भाषांना जागा दिली होती. माझ्या फॉर्मवर एकच चौकट. मी 'मराठी' लिहिलं. का? मी मराठीत विचारत होते म्हणून.

ही गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही. माझ्या कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीने त्याच गल्लीत तोच फॉर्म भरला, तेव्हा आली. तिच्या गठ्ठ्यात कन्नड जास्त, माझ्या गठ्ठ्यात मराठी जास्त. बायका खोटं बोलत नव्हत्या. दारात कोण उभं आहे ते बघून माणूस भाषा काढतो, सीमाभागात तर जास्तच.

(दृश्य : जुना नकाशा, बंगाल. तागाचं शेत.)

यावरचा तोडगा मला फार जुन्या ठिकाणी सापडला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, पुढे १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीही त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी करताना ते एकाच भागात दोन वेगळे नमुने काढत आणि दोन वेगळ्या तुकड्या पाठवत. एकीने दुसरीचा कागद बघायचा नाही. दोघींच्या आकड्यांत जो फरक पडेल, त्यात मोजणाऱ्या माणसांचा वाटा किती, ते दिसायचं. शेताला भाषा नसते, तरी तिथे ही काळजी. मग आम्ही तर माणसांना विचारत होतो.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. कुठल्या घरी कोण जाणार, हे ना तिने ठरवायचं ना मी.

(दृश्य : लॅपटॉप. स्क्रीनवर प्रश्नचिन्हांची रांग.)

मग संगणक. 'आर' हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तयार केलं, आणि ते फुकट मिळतं. आमच्यासारख्यांना ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. पहिल्या दिवशी फाइल चुकीच्या पद्धतीने सेव्ह झाली आणि देवनागरीतल्या सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. दुसऱ्या दिवशी नावं आली, तर 'माहेर' या रकान्यात तीन शहरं : बेळगाव, बेळगावी, बेलगाम. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारी कागदावरचं नाव बदललं, पण फॉर्म भरणारीच्या बोटांतलं नाही बदललं. निपाणी आणि निप्पाणी हीसुद्धा दोन गावं झाली. माणसं इथे नावावरून भांडतात. संगणक भांडत नाही, निमूटपणे वेगळा गट करून ठेवतो. आठवडा त्यातच गेला. प्रगत सांख्यिकीच्या शिकवणीत हा आठवडा कुणी सांगत नाही.

(दृश्य : फळ्यावर खडूने गणित.)

आता खरा धक्का. समजा तीस गल्ल्या, प्रत्येकीत वीस घरं, मिळून सहाशे फॉर्म. पण एका गल्लीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात. तोच माल देणारा शेठ, तीच शाळा, तेच मंडळ. शिवाय ती शेजारीण, जी सगळ्यांच्या वतीने उत्तर देते. हे साम्य शून्य (काहीच साम्य नाही) ते एक (सगळ्या सारख्याच) या मापात शून्य पूर्णांक एक दशांश आहे, असं धरू. फार नाही. साम्यामुळे माहिती किती पटीने घटते, त्याचा हिशेब असा : वीसमधून एक वजा, एकोणीस. त्याला ०.१ने गुणलं, १.९. त्यात एक मिळवला, २.९. सहाशेला २.९ने भागलं की उरतात २०७.

सहाशे दारं वाजवली, माहिती मात्र दोनशे सात घरांइतकी. मी फळ्यासमोर बसूनच राहिले.

तेच सहाशे फॉर्म साठ गल्ल्यांत दहा-दहा करून भरले असते, तर हिशेब ३१६वर गेला असता. पण साठ गल्ल्या म्हणजे रिक्षाभाडं दुप्पट. पाहणीचा आराखडा शेवटी खिशात ठरतो.

मल्टिलेव्हल मॉडेल, म्हणजे अनेक पातळ्यांचा हिशेब, इथे कामाला येतं. ते घराचा फरक आणि गल्लीचा फरक वेगवेगळे धरतं. विचारणारीचा फरक तिसरा. तो गल्लीच्या पोटात बसत नाही, आडवा जातो, कारण प्रत्येक गल्लीत आम्ही दोघीही होतो. गल्ली हा उभा धागा, विचारणारी आडवा. विणकराच्या घरात बसून हे समजायला मला पाच मिनिटं लागली. तीन दिवसांच्या एका कार्यशाळेत, जिथे फक्त कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं, तिथे समजलं नव्हतं.

एक अडचण राहिलीच. विचारणाऱ्या फक्त दोघी असतील, तर त्या दोघींवरून 'विचारणाऱ्या' या जातीत किती वैविध्य असतं ते कसं कळणार? आमच्यातला फरक दिसेल, पण तो भाषेचा, की माझ्या चढ्या आवाजाचा, हे मॉडेल सांगणार नाही. म्हणून आता आम्ही सहाजणी आहोत. तिघी मराठी, तिघी कन्नड. सहाही कमीच.

(दृश्य : तीच गल्ली, संध्याकाळ. नवा फॉर्म.)

नव्या फॉर्मवर मातृभाषेच्या चौकटी तीन आहेत. खाली आणखी तीन रकाने : कोणी विचारलं, कुठल्या भाषेत विचारलं, बाजूला कोण बसलं होतं. वीज गेली की आम्ही पटकन आत शिरतो, कारण तेवढा वेळ माग बंद असतो आणि हळू बोलता येतं.

परवा त्याच आजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून फॉर्म उलटा-सुलटा केला.

"काय लिवायलीस गं पोरी? मागच्या वर्षी सांगितलं की सगळं."

"आजी, या वेळी माझंही लिहायचंय."

"तुझं काय?"

"मी कुठली भाषा बोलते ते."

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग सुनेला कन्नडमध्ये चहा टाकायला सांगितलं, मला मराठीत बस म्हणाल्या. तेवढ्यात वीज आली.

(माग सुरू होतो. आवाज वाढत जातो. पडदा काळा.)