आवरलेलं पाऊल

नमस्कार श्रोतेहो. गोव्याच्या शिगम्यात घोडेमोडणीचा नाच पाहिला असेल तुम्ही. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार. ढोल चढत जातो तसा घोडा थयथयतो, पण पाऊल ताल सोडत नाही. लहानपणी डिचोलीला माझी नजर त्या आवरलेल्या पावलावरच खिळायची.

आज एका खऱ्या घोड्याविषयी बोलतो. नाव फ्रँकेल. जन्म 11 फेब्रुवारी 2008, इंग्लंड. बाप गॅलिलिओ, तोही शर्यतीचा मोठा घोडा. फ्रँकेलला घडवलं न्यूमार्केटच्या हेन्री सेसिल यांनी. कॅन्सरचे उपचार चालू असतानाही त्यांचं लक्ष तबेल्यात असे. आणि या घोड्याचा मोतद्दार होता आपल्या भारतातला! हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

वेग त्याच्या अंगातच होता, पण त्याला थांबणं ठाऊक नव्हतं. 30 एप्रिल 2011 ची टू थाउजंड गिनीज ही एका मैलाची शर्यत. गेट उघडताच तो असा उधळला की निम्म्या वाटेवर बाकीचे सुमारे पंधरा लेंथ मागे! लेंथ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतचा एक घोडा. शेवटी सहा लेंथनी जिंकला. जूनमध्ये अॅस्कटला मात्र लवकर सुटला आणि शेवटाला दमला. जेमतेम पाऊण लेंथनी वाचला.

मग सुरू झाली खरी मेहनत. रोज पहाटे दुसऱ्या घोड्यामागे धावायचं, घाई करायची नाही. शर्यतीत त्याच्याच आईचा मुलगा बुलेट ट्रेन पुढे धावून गती धरून द्यायचा. मारून-मुटकून हे होत नाही हो, जनावराचा विश्वास कमवावा लागतो.

ऑगस्ट 2012 मध्ये यॉर्कला तो प्रथमच सव्वा मैलाच्या वर धावला. शांतपणे मागे राहिला आणि सात लेंथनी जिंकला. सेसिल आले होते. डोक्यावर हॅट, अंग वाळलेलं, आवाज कुजबुजीएवढा. ते पाहताना माझ्या घशात आवंढा आला.

शेवटची शर्यत 20 ऑक्टोबर 2012 ची, अॅस्कटला. पावसाने मैदान जड झालेलं. फ्रँकेल गेटातून उशिरा निघाला. तरी जॉकी टॉम क्वीलीने त्याला घाईला लावलं नाही. शेवटच्या वळणानंतर पुढचा घोडा जीव तोडून पळतोय आणि फ्रँकेल त्याच्या बरोबरीला येतोय, क्वीलीच्या हातातला लगाम अजून तसाच. जिंकला पावणेदोन लेंथनी. चौदा शर्यती, चौदा विजय.

पुढच्या जूनमध्ये सेसिल गेले.