खालचा हात काय करतो?

(दृश्य : बेळगावातलं शहापूर. माडीवरची खिडकी, खाली सतरंजी, मांडीवर इरकली लुगडं.)

पदरावर सुई चालली आहे. कापडावर छापा नाही, पेन्सिलची रेघ नाही. उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर गोपुर उभं करायचं, अंबारीचा हत्ती उभा करायचा, तुळशीवृंदावन उभं करायचं. हा कर्नाटकी कशिदा. कानडीत कसूती. गवंती, मुरगी, नेयगे आणि मेंथे असे त्याचे चार टाके. त्यातले गवंती आणि मुरगी नीट जमले तर उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. गाठ कुठे सापडत नाही.

आता डाव्या हाताकडे बघा. रिंग नाही, चौकट नाही. अंगठा आणि तर्जनी कापड थोडं दुमडतात, थोडं सोडतात, आणि सुई एका दमात तीन-चार टाके अंगावर घेऊन बाहेर येते. हेच कापड रिंगमध्ये ढोलकीसारखं ताणलं असतं, तर सुई कापडात आडवी शिरलीच नसती. प्रत्येक टाका वरून खाली, खालून वर, असा दोनदा ओढावा लागला असता. धावदोऱ्याच्या घराण्यातल्या टाक्यांना कापड जरा सैलच लागतं.

भरतकामाची चौकट घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, 'किती इंची?' आमच्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला असा, की काम चालू असताना तुमचा खालचा हात काय करतो? कापड सांभाळतो, रिंग धरतो, की कापडाखाली राहून दोरा पुरवतो? हे ठरलं की चौकट कुठली घ्यायची ते आपोआप ठरतं.

(दृश्य : खडेबाजारातलं शिलाई-सामानाचं दुकान. खुंटीला लटकलेल्या रिंगा.)

रिंग म्हणजे दोन कडी. आतलं अखंड, बाहेरचं एका जागी तुटलेलं, आणि त्या तुटलेल्या जागी स्क्रू. साखळी, भरीव टाका, गाठीचा टाका, पानं-फुलं, यांना रिंग हवी. चार इंची ते बारा इंची सगळ्या मिळतात. शक्यतो सहा-सात इंचांच्या पुढे जाऊ नका. रिंग धरलेल्या हाताची बोटं मध्यापर्यंत पोचली पाहिजेत. दहा इंचीत ती पोचत नाहीत, आणि मध्ये झोळ पडतो तो वेगळाच.

विकत घेताना स्क्रू घट्ट करा आणि रिंग उजेडाकडे धरा. दोन कड्यांमधून फट दिसली तर ती खाली ठेवा. स्वस्तातल्या बांबूच्या रिंगा हळूहळू लंबगोल होतात, मग कापड दोन बाजूंना घट्ट आणि दोन बाजूंना सैल. स्क्रूचा आटा झिजला तर मात्र रिंग फेकू नका. हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचा पितळी बोल्ट आणि पंखवाला नट मिळतो. पितळ गंजत नाही. लोखंडी स्क्रूचा एक तांबूस डाग पांढऱ्या मलमलीवर पडला की सगळी मेहनत पाण्यात.

(दृश्य, अगदी जवळून : जुन्या धोतराची फाडलेली पट्टी आतल्या कड्याभोवती गुंडाळली जाते आहे.)

हे काम बऱ्याच जणी टाळतात, आणि सगळ्यांत जास्त फरक यानेच पडतो. जुनं सुती धोतर घ्यायचं, इंचभर रुंदीची पट्टी फाडायची. कापायची नाही, फाडायची, म्हणजे ती धाग्याच्या सरळ रेषेत निघते. आतल्या कड्यावर तिरकी धरून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढेल अशी ओढून गुंडाळायची. शेवटी दोन टाके, तेही आतल्या बाजूला, कापडाला लागणार नाहीत असे. लाकडावरून घसरणारं रेशीम या पट्टीवर घसरत नाही, आणि स्क्रू पिळून पिळून बोटं दुखवावी लागत नाहीत.

इरकलीला रिंग लावायचीच असेल तर एक जागा सोडा. या लुगड्यात पदराचे रेशमी उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांत फास घालून अडकवलेले असतात. त्या सांध्यावर रिंग आवळून रात्रभर ठेवली, तर ताण थेट त्या फासांवर येतो. तसंही काम थांबलं की रिंग काढावी. गोल वळ एकदा बसला की इस्त्रीलाही दाद देत नाही. मखमलीला तर रिंग लावूच नये.

हल्ली लग्नाची तारीख नि नावं भरून रिंगसकट भिंतीला टांगायची पद्धत आली आहे. हरकत काहीच नाही. पण त्यासाठी दुकानातली सगळ्यांत स्वस्त रिंग घ्या. चांगली रिंग खिळ्याला लटकवून वाया कशाला घालवायची?

(दृश्य : बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. बांबूचं बेट, अंगणात कामट्या.)

खानापूरच्या जंगलपट्ट्यात बांबूला तोटा नाही, त्यामुळे रिंगचं आतलं, अखंड कडं घरी करून बघायची हौस इथे परवडते. कोवळा बांबू घेऊ नये, वाळताना तो आकसतो. तीन-चार वर्षांचा जून बांबू चिरून अर्धा इंच रुंद कामटी काढायची. सहा इंची रिंगचा घेर एकोणीस इंचांच्या आसपास भरतो, वर सांध्यासाठी दोन इंच धरायचे. एवढ्या लांबीत एखादं पेर येणारच. ते आतून तासून सपाट करायचं आणि सांध्यापासून लांब ठेवायचं, कारण वाकवताना कामटी पेरापाशीच मोडते.

रात्रभर पाण्यात, सकाळी वाफेवर, आणि गरम असतानाच एखाद्या गोल डब्याभोवती वळवून सुतळीनं बांधायची. हिरवी साल बाहेरच्या अंगाला. ताण बाहेरून बसतो आणि बांबूचं बळ सालीत असतं. दोन्ही टोकं पातळ तासून एकमेकांवर चढवायची, सरस लावायचा, वरून दोरा आवळायचा. पूर्ण सुकल्यावर पॉलिश पेपर. एक कुसळ राहिलं तरी ते रेशमाचा धागा ओढतं.

(दृश्य : मॅटीच्या कापडावर लोकरीचं भरतकाम. कापड एका बाजूला कललेलं.)

जाळीच्या कापडावर लोकरीनं चित्र भरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. चौकोनी सुरू केलेलं काम तिरकं होऊन संपतं. यात भरणारीचा दोष नाही. अर्ध्या फुलीचा टाका सगळीकडे एकाच दिशेनं कललेला असतो, आणि असे हजारो टाके कापडाला त्याच दिशेला ओढतात. इथे रिंग कामाची नाही, चार पट्ट्यांची चौकट हवी. कापड ड्रॉइंग पिनांनी ठोकताना आधी चारही बाजूंचे मध्य, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे.

पट्ट्या कुठल्या लाकडाच्या? घर पाडलेल्या ठिकाणचा जुना सागवान मिळाला तर डोळे झाकून घ्या. त्यानं इतके पावसाळे पाहिलेत की आता त्याला पिळवटायचं कारण उरलेलं नाही. नवं लाकूड वाळलेलं हवं आणि त्याचे तंतू लांबीला सरळ हवेत. जाडीत काटकसर करू नका. तेवढ्याच जोरानं ओढलं, तर दुप्पट लांबीची पट्टी आठपट वाकते. जाडी दुप्पट केली तर तो वाक आठव्या हिश्श्यावर येतो. चौकट जुळवल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे.

(दृश्य : आरी वर्कचा क्लास. खाटेसारख्या चौकटीभोवती मुली बसलेल्या.)

आणि इथे खालच्या हाताला खरं काम मिळतं. आरीला आकडा असतो. वरच्या हातानं ती कापडात खुपसायची, खालच्या हातानं दोरा त्या आकड्यात द्यायचा, आरी तो वर ओढते आणि साखळी पडते. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे चौकटीनं स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. कापडही असं ताठ हवं की टिचकी मारली तर आवाज यावा. सैल कापड आरीबरोबर वर येतं आणि आकड्यात अडकतं.

या चौकटीला कुणी कारचोब म्हणतं, कुणी अड्डा, कुणी नुसतं खाट. दोन जाड आडव्या दांड्या, त्यांच्यावर ठोकलेली सुती पट्टी. दोन उभ्या चपट्या पट्ट्या, त्यांना ओळीनं भोकं. दांड्यांच्या टोकांच्या खाचांतून या पट्ट्या जातात आणि भोकांत खुंट्या बसतात. कापडाचा मध्य दांडीवरच्या पट्टीच्या मध्याला लावून तिथूनच दोन्हीकडे टाचत जायचं. कापडाचे काठ बाजूच्या पट्ट्यांकडे यायला हवेत. मग एकेक भोक पुढे सरकवत दांड्या एकमेकींपासून लांब करायच्या, आणि शेवटी काठांना सुतळी ओवून बाजूच्या पट्ट्यांना आवळायचं. चोळीचा तुकडा लहान असेल तर त्याच्या चारी बाजूंना जुनं कापड जोडा. ताण जुन्या कापडानं सोसावा.

(दृश्य : बेळगावातलं वडगाव. यंत्रमागांचा खडखड आवाज, मग तो मागे पडतो.)

चौकटीवर विणलेलं भिंतचित्र, म्हणजे टॅपेस्ट्री, हे तर विणकामच. वडगाव-खासबागच्या विणकराला ते शिकवायला नको. चौकटीच्या वर-खाली चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून उभे धागे ताणायचे. चुका एका रेषेत ठोकल्या तर पट्टी चिरते, म्हणून एक वर, एक खाली. आडवा धागा सरळ ओढला की विणीची कंबर बारीक होत जाते. तो कमानीसारखा सैल टाकून मग फणीनं खाली बसवायचा. मागावर हेच आवळणं थांबवायला दोन्ही काठांत टोचून बसणारी आडवी पट्टी असते. छोट्या चौकटीवर तिचं काम कमानीवरच भागवावं लागतं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत इकडे हवेत पाणीच असतं. लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणजे पट्टी लांब होणार नाही, पण खुंटी भोकात रुतून बसेल. भोकं जरा मोकळी पाडून घ्यावीत.

(दृश्य : सुताराचं दुकान. मापाची पट्टी, रंध्याच्या सालपटांचा ढीग.)

"अक्का, चौकट किती लांब करू?"

"लुगड्याचा पन्हा बसायला पायजे मिस्त्री. चोपन इंच करा."

"आणि दार किती रुंद?"

शहापूरच्या जुन्या घरांत हा प्रश्न गमतीचा नाही. अरुंद बोळ, त्यात जिना, जिन्याला वळण. चार-साडेचार फुटांची जोडलेली चौकट माडीवर चढत नाही आणि काम संपल्यावर ठेवायलाही जागा नसते. खुंट्या काढल्या की कारचोबच्या चार काठ्या होतात, पलंगाखाली सरकवता येतात. मिस्त्री चांगल्या मनानं फेविकॉलची बाटली पुढे आणतील, सांधे पक्के करून देतो म्हणतील. त्यांना आधीच सांगा, एकही सांधा चिकटवायचा नाही.