वाय-टेन: एक छोटी गाडी, मावळते दोन ब्रँड

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलूया इटलीच्या आऊटोबियांकी वाय-टेन या गाडीबद्दल.

आऊटोबियांकी ही कंपनी १९५५ साली सायकली बनवणारी बियांकी, मोटारी बनवणारी फियाट आणि टायर बनवणारी पिरेली यांनी मिळून काढली. कारखाना मिलानजवळ, देझिओला. नवी कल्पना फियाट आधी इथे आजमावून पाहायची. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला आणि ओढ पुढच्या चाकांची, ही फियाटचे अभियंता दान्ते जाकोझा यांची मांडणी १९६४ साली आऊटोबियांकीच्या प्रिमुला या गाडीत आली. ती टिकली, तेव्हा कुठे फियाटनं स्वतःच्या १२८ या गाडीला दिली. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच मांडणीच्या आहेत. हे श्रेय आऊटोबियांकीला फारसं कुणी देत नाही, ते द्यायला हवं.

वाय-टेन आली १९८५ साली, जिनिव्हाच्या प्रदर्शनात. लांबी जेमतेम ३.३९ मीटर, तरी आतली सजावट मोठ्या गाडीला शोभेल अशी. बॉडीचा रंग कोणताही असो, मागचा दरवाजा मात्र काळा. तो लांबूनही ओळखू यायचा.

खरी कमाल होती ९९९ सीसीच्या 'फायर' इंजिनात. वजन सुमारे ६९ किलो, ताकद ४५ अश्वशक्ती, आणि जुन्या ९०३ सीसी इंजिनापेक्षा सुटे भाग कितीतरी कमी. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागतं. या इंजिनात दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली होती; गाडी बंद पडायची, पण नवा बेल्ट खुणा जुळवून बसवला की पुन्हा चालू. दुखणं होतं ते हेड गॅस्केटचं, म्हणजे हेडखालच्या सीलचं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, विनाकारण कमी होऊ लागलं, तर आधी तिथेच पाहावं. आपल्याकडे कुर्ल्याला बनलेल्या फियाटच्या पेट्रोल उनो गाडीतही हेच इंजिन होतं.

इटलीत गाडीवर नाव आऊटोबियांकीचं, बाहेर बहुतेक देशांत फियाटच्याच लान्चा या दुसऱ्या ब्रँडचं. एकाच गाडीला दोन नावं दिली, तिथेच आऊटोबियांकीचं भवितव्य ठरलं. १९९२ला देझिओचा कारखाना बंद झाला, १९९५ला वाय-टेन थांबली आणि पुढची 'वाय' फक्त लान्चाची झाली.

मग लान्चाही ओसरली. २०१७पासून काही वर्षं ती इटलीतच विकली जात होती, तीही 'वाय'ची वारस असलेल्या इप्सिलॉन या एकाच गाडीच्या आधारावर. २०२४ची इप्सिलॉन स्पेनमध्ये, सारागोसाला बनते. लांबी ४.०८ मीटर, म्हणजे वाय-टेनपेक्षा जवळजवळ ७० सेंटिमीटर जास्त. ब्रँडला ती पुन्हा युरोपभर नेईलही, पण गल्लीबोळातून सहज निघणारी शहरी गाडी काही ती उरली नाही.